साठ रुपयांचं कार्ड आणि फुकटातला फ्लेक्स

मंडळी, थोडं मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा. विषय वरवर किरकोळ आहे, शुभेच्छापत्रांचा. पण त्यात टपाल आहे, जीएसटी आहे, गोव्याची हद्द आहे आणि आपल्या गावातल्या एका पोरीच्या सहीचा प्रश्न आहे. म्हणून इनबॉक्सात न लिहिता इथे, सगळ्यांसमोर लिहितेय.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सावंतवाडीत माझं छोटं गिफ्टचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा. पुढच्या फळीवर लाकडी फळं, भोवरे, चितारआळीतली खेळणी. पर्यटक तिथेच थांबतात. आतल्या भिंतीवर मात्र कागदाचा माल: शुभेच्छापत्रं, पोस्टकार्डं, शिवलेल्या छोट्या वह्या, भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या आहेराची पाकिटं. यातली बहुतेक चित्रं इथल्याच एका तरुण चित्रकर्तीची आहेत. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाद माझ्या भिंतीवर झाला तर चालेल, तिच्या दारात नको. मोती तलावावरची संध्याकाळ, दशावतारातला संकासूर, काजूची बोंडं, सावंतवाडी रोड स्टेशनवर दोन बॅगा आणि एक खोका घेऊन उतरलेला चाकरमानी. चाकरमान्याचं कार्ड चतुर्थीच्या आधी सगळ्यात जास्त जातं. कोण कोणाला देतं विचाराल तर मुंबईला राहिलेल्या भावाला, ज्याला सुटी मिळाली नाही त्याला.

कार्डाची किंमत साठ रुपये. आणि रोज निदान एक माणूस म्हणतोच, "गे बाय, एवढ्याश्या कागदाक साठ रुपये?"

तर हे साठ रुपये कुठे जातात ते सांगते. आम्ही एका चित्राची दोनशेच कार्डं छापतो. ऑफसेटला टाकायची तर हजार-दोन हजारांशिवाय परवडत नाही, म्हणून डिजिटलवर. जाड कागद, छपाई, घडीची रेघ मारणं आणि कटिंग मिळून चोवीस रुपये. पाकीट चार. चित्रकर्तीचे पंधरा, प्रत्येक कार्डामागे, विकलं की लगेच. छपाईवाल्याकडून आणण्याचा खर्च, खराब निघालेली कार्डं आणि पावसाळ्यात वाकडी झालेली कार्डं धरली तर आणखी पाच. उरले बारा, त्यात गाळ्याचं भाडं, वीज आणि मी. पावसाळ्याचं सांगायलाच हवं, कारण घाटावरच्या दुकानदाराला हा त्रास कळणार नाही. जून ते सप्टेंबर इथे कागद श्वास घेतो. सकाळी सरळ असलेलं कार्ड दुपारी होडीसारखं वळतं. पाकिटांचा डिंक आपोआप चिकटतो. कसर लागते. मी कार्डं डब्यात भरून, वर पाट ठेवून, आत कापूर टाकते. पूर्वी प्रत्येक कार्ड पातळ पारदर्शक पिशवीत यायचं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली, त्या यादीत मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका यांच्यावरचं वेष्टनही आहे. शुभेच्छापत्र म्हणजे निमंत्रणपत्रिका नव्हे, असा वाद घालता आला असता. मी घातला नाही, पिशव्या बंद केल्या. बंदी मला पटलेली आहे. फक्त त्याची किंमत कोकणात जरा जास्त पडते एवढंच.

आता जरा इतिहास, कारण साठ रुपयांवर माझ्याकडे एक चांगलं उत्तर आहे. विकण्यासाठी छापलेलं पहिलं नाताळचं कार्ड 1843 साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून ते काढून घेतलं होतं. हजारभर प्रती, रंग हाताने भरलेले. याच कोलसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी, 1840 मध्ये, एका पेनीत पत्र पोचवणारी टपालव्यवस्था उभी करण्यात हातभार लावला होता. म्हणजे आधी टपाल स्वस्त झालं, मग कार्ड जन्माला आलं. त्या कार्डाची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. टपालाच्या तिकिटाच्या बारा पट. आज आपल्याकडे वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला 5 रुपयांचं तिकीट लागतं आणि माझं कार्ड साठ रुपयांना आहे. पुन्हा बारा पट! पावणेदोनशे वर्षांत कार्ड महाग झालेलं नाही, असं मी आता गिऱ्हाइकाला सांगते. गिऱ्हाईक हसतं. कधी घेतं, कधी नाही.

(त्या पहिल्या कार्डावरही लोक चिडले होते. चित्रात अख्खं कुटुंब, पोराबाळांसकट, वाईन पिताना दाखवलं होतं. फेसबुक नव्हतं म्हणून बरं.)

आपल्याकडे माझ्या पिढीची कार्डं म्हणजे बुक पोस्ट. आठवतंय का? दिवाळीच्या आधी पन्नास-साठ कार्डं आणायची, पाकिटाचा पदर चिकटवायचा नाही, आत खोचायचा, वर ठळक 'बुक पोस्ट' लिहायचं. आत सही आणि दोन शब्द, पत्र लिहायचं नाही. पाकीट उघडं असल्यामुळे पोस्टमनकाकांना सगळ्या गावाच्या शुभेच्छा ठाऊक. वडील यादी करायचे. गेल्या वर्षी ज्यांचं आलं त्यांच्या नावापुढे फुली, ज्यांचं आलं नाही त्यांना यंदा पाठवायचं की नाही यावर आईशी चर्चा. तेव्हा कार्डांचा पैसाही चांगल्या ठिकाणी जायचा. युनिसेफने 1949 मध्ये पहिलं कार्ड काढलं ते बोहेमियातल्या एका लहान मुलीच्या चित्राचं. आपल्या देशात 'क्राय' ही संस्था 1979 मध्ये सुरू झाली, तिची कार्डं आमच्या घरी यायची. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांची कार्डं टपालाने यायची. मग आर्चीजचा जमाना आला. हृदयं, टेडी, आत इंग्रजी कविता. त्याला नावं ठेवणार नाही, आमच्या लग्नाआधीच्या पत्रव्यवहारात त्याचा वाटा आहे. पण त्या कार्डांत आपलं काही नव्हतं. संकासूर नव्हता, बांगडा नव्हता, आणि कुणाच्या आजीच्या निधनानंतर मराठीत काय लिहायचं यासाठी एकही कार्ड नव्हतं. माझ्याकडे आहे. पांढऱ्या कागदावर एक विझलेली समई, आत कोरं. ते महिन्याला चार-पाच जातं आणि घेणारा कधीच किंमत विचारत नाही.

हे सगळं स्मरणरंजन म्हणून सोडून देता आलं असतं. पण 2024 च्या डिसेंबरात बुक पोस्टची सवलतच बंद झाली. आरडाओरडा झाला तो पुस्तकांसाठी, आणि तो योग्यच होता. मग 2025 च्या 1 मेपासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. शुभेच्छापत्र त्यात बसत नाही. त्याच वर्षी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. पन्नास ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19 रुपये, बाहेरगावी 47, वर जीएसटी. साठ रुपयांचं कार्ड आणि पोचवायला पंचावन्न. माणूस कार्ड हातात घेतो, हिशोब करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचा फोटो पाठवतो. त्याला मी दोष देत नाही.

पण एक गोष्ट लोकांना सांगितली की ते चकित होतात, म्हणून इथेही सांगते. साधं टपाल अजून चालू आहे. माझं घडीचं कार्ड आणि पाकीट मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं, मी सोनाराकडच्या काट्यावर करून घेतलंय. म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात ते लेह असो की कन्याकुमारी, देशात कुठेही जातं. ट्रॅकिंग नाही, मान्य. पण वाढदिवसाच्या शुभेच्छेचं ट्रॅकिंग कशाला हवं? आठ दिवस आधी टाका. दुकानात तिकिटं ठेवलेली आहेत, छापील किमतीला देते, वर एक पैसा घेत नाही. कुरिअरने पाठवायचं असेल तर जाड पुठ्ठा घाला. मागे एका कुरिअरवाल्याने चार वह्यांची अशी घडी घातली होती की आम्हीही घातली नसती.

आता हद्दीचं प्रकरण. हे खरंच कुणीतरी वर पोचवायला हवं.

आपल्या गावातून निघालं, बांदा ओलांडलं, की पत्रादेवी आणि गोवा. पेडण्याचे लोक इथे बाजाराला येतात, आपली मुलं तिकडे नोकरीला जातात. आजोळ त्या बाजूला, सासर या बाजूला. पण जीएसटीच्या नजरेत ते दुसरं राज्य. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराला माल विकायला नोंदणी लागत नाही. माझी उलाढाल त्याच्या जवळपासही नाही. पण हे राज्यातल्या राज्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. पुण्याला, नागपूरला, आठशे किलोमीटरवर कार्ड पाठवा, काही नाही. ऑनलाइन बाजारातून विकायलाही ऑक्टोबर 2023 पासून छोट्या दुकानदाराला मुभा आहे, पण तीही राज्याच्या आतच. पेडण्याच्या बाईने फोन करून दहा कार्डं मागवली तर मात्र मला नोंदणी, विवरणपत्रं, दर महिन्याचा हिशोबनीस. छोट्यांसाठी जी कंपोझिशनची सोपी योजना आहे, तिच्यात राज्याबाहेर माल पाठवताच येत नाही. त्या बाईंना मी सांगते, ताई, बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. दुकानात येऊन घेतलं तर चालतं.

यात एक अपवाद आहे आणि तोच मला जास्त बोचतो. हस्तकलेच्या वस्तूंना ही सक्ती ठरावीक मर्यादेपर्यंत माफ आहे. सरकारने हस्तकलेची यादी केली आहे आणि त्या यादीत चक्क आपली गंजिफा आहे. आनंदच आहे. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, गोल, चिंचोक्याची खळ लावून थर चढवलेले, लाखेने चकाकणारे. ही कला जवळजवळ संपली होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून शिकून, नव्या मुलांना राजवाड्यात बसवून ती उभी केली. आज भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तर गंजिफेचा पत्ता हाताने रंगवला की हस्तकला. आणि त्याच चितारआळीच्या वळणात वाढलेल्या मुलीने हाताने काढलेल्या चित्राच्या दोनशे प्रती छापल्या की ते फक्त 'छापील साहित्य'. छापील कार्डांवरचा कर ऑक्टोबर 2021 पासून 12 चा 18 टक्के झाला. 2025 च्या सप्टेंबरात दर बदलले तेव्हा हातकागद 5 वर आला, हाताने काढलेलं मूळ चित्र 5 वर आलं, हे चांगलंच झालं. पण साधा छपाईचा कागद 12 वरून 18 वर गेला. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या दुकानाला छपाईच्या बिलातला कर परत मिळत नाही. वरच्या चोवीस रुपयांत तो धरलेला आहे.

मूळ चित्र भिंतीवर लावायला घेणारे आपल्या तालुक्यात किती असतील? बोटावर मोजण्याएवढे. चित्रकार जगतो तो छापील प्रतींवर. शेजारीच बघा ना, मारियो मिरांडा जाऊन 2011 च्या डिसेंबरात इतकी वर्षं झाली, पण गोव्यात त्यांची चित्रं कार्डांवर, कपांवर, फरशांवर अजून विकली जातात आणि लोक ती 'मारियो' म्हणूनच घेतात. नाव सुटलेलं नाही.

आणि इथे मी मुद्द्यावर येते.

चतुर्थीच्या वेळी गावात एक फ्लेक्स लागला होता. मोठा, चौकात. वर नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मागे पूर्ण रुंदीभर आमचा मोती तलाव. तिचा मोती तलाव. पाण्यातल्या दिव्यांच्या त्या तुटक रेघा तिच्याच. माझ्या दुकानातलं कार्ड मोबाइलवर काढून मोठं केलेलं, कोपऱ्यातली सही एका पदाधिकाऱ्याच्या कोपराखाली गेलेली. तिने पाहिलं, काही बोलली नाही. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, "काकी, तिचीच जाहिरात झाली मां!" सही कोपराखाली असताना जाहिरात कुणाची झाली ते मला कळलं नाही. कुठला पक्ष ते विचारू नका. सगळ्यांचे फ्लेक्स बघा, हत्ती, मोर, किल्ले, देव, सगळं कुठून ना कुठून उचललेलं असतं.

आता निवडणुका तोंडावर आहेत. परवा तिथलाच एक कार्यकर्ता दुकानात आला. मुलगा चांगला आहे, लहानपणापासून ओळखते. साहेबांना यंदा दिवाळीला घरोघर कार्डं वाटायची आहेत, पाचशे. संकासूर चालेल. "फक्त काकी, त्या कोपऱ्यातला नाव काढूक होया आणि मागे साहेबांचो फोटो." दर वीस रुपये.

मी नाही म्हणणार होते. तोंडावर आलं होतं. पण कार्ड माझं नाही, चित्र तिचं आहे, म्हणून त्याला बसवलं आणि तिला फोन लावला. ती पंधरा मिनिटांत स्कूटरवर आली. आणि मला वाटलं होतं तसं ती भडकली नाही. तिने विचारलं, "किती दिवसांसाठी हवंय?" त्याला प्रश्नच कळला नाही.

हे मला तिच्याकडून शिकायला मिळालं, तुम्हीही माहीत करून घ्या. 1957 चा कॉपीराइट कायदा सांगतो की चित्राची पहिली मालकी काढणाऱ्याची. पैसे देऊन तुम्हीच सांगून चित्र काढून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पण आधीच काढलेलं चित्र वापरायचं तर परवानगी हवी. हक्क विकत द्यायचे तर ते लेखी हवेत. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात. आणि त्याच कायद्याचं 57 वं कलम म्हणतं की हक्क विकले तरी 'हे माझं' म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. दिल्लीत विज्ञान भवनाच्या भिंतीवर अमरनाथ सहगल यांचं मोठं काशाचं भित्तिशिल्प होतं. ते 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं, मोडलं. सहगल सरकारविरुद्ध कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष त्यांना परत करा आणि पाच लाख भरपाई द्या. शिल्पाचे पैसे सरकारने केव्हाच दिलेले होते, तरीही.

कार्यकर्ता म्हणाला, "आमी काय मोडूक नाय, फक्त नाव काढतोव." ती म्हणाली, "तेच ते."

मग तिने माझ्याच बिलबुकातलं एक पान फाडून घेतलं आणि मराठीत लिहिलं. संकासुराचं चित्र, पाचशे कार्डं, फक्त या दिवाळीसाठी, फक्त कागदावर. फ्लेक्सवर नाही, मोबाइलवर नाही. सही जागच्या जागी राहील. मागच्या बाजूला खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव. साहेबांचा फोटो कार्डावर नाही, हवा तर वेगळ्या चिठ्ठीवर, आत. चित्राचे प्रत्येक कार्डामागे पंधरा रुपये, छपाई वेगळी. आणि चौकातल्या फ्लेक्सचे वेगळे दोन हजार, आधी. पाचशे कार्डांचे साडेसात हजार होतात. त्या पैशांची तिला किती गरज आहे ते मला ठाऊक आहे. घरी वडील आजारी आहेत आणि शाळेतली तासिकेवरची चित्रकलेची नोकरी यंदा मिळालेली नाही. म्हणूनच फोटो आणि सही या दोन ओळींवर तिने पेन दुसऱ्यांदा फिरवलं तेव्हा मी गप्प राहिले. मला वाटत होतं, सही तेवढी ठेव आणि फोटोला हो म्हण बाई. बोलले नाही.

एक जण मला म्हणाला, काकी, एवढ्यासाठी कुणाशी वाकडं कशाला? गावात राहायचंय. राहायचंय हे खरं आहे. माझ्या गाळ्याच्या दारात उद्या कुणाचा मंडप लागू शकतो, मला कळतं. पण बँड-बाज्याचे पैसे देता, मंडपवाल्याचे देता, फ्लेक्स छापणाऱ्याचे चौरस फुटावर मोजून देता. त्या फ्लेक्सवर जे दिसतं तेवढंच काय ते फुकट?

आणि साहेबांची कल्पना वाईट नाही, हेही लिहून ठेवते. फ्लेक्सपेक्षा घरोघर कार्ड कितीतरी चांगलं. नगरपरिषदेच्या, शाळांच्या, बँकांच्या, पतपेढ्यांच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर जिलेटिनमध्ये गुंडाळलेला पुष्पगुच्छ देतात, तो संध्याकाळी कचऱ्यात जातो. त्याऐवजी इथल्या चित्रकाराचं एक कार्ड, आत दोन ओळी हाताने लिहून, असं कुणी करणार असेल तर माझ्याच दुकानातून घ्या असं नाही. कुडाळात, मालवणात, वेंगुर्ल्यात चांगली चित्रं काढणारी मुलं आहेत, थेट त्यांच्याकडून घ्या. दर विचारा, नाव छापा.

ते बिलबुकाचं पान कार्यकर्ता घडी घालून खिशात ठेवून घेऊन गेला. साहेबांना दाखवतो म्हणाला. आज चौथा दिवस, अजून उत्तर नाही. तोपर्यंत आमची नेहमीची दोनशेंची ऑर्डर छपाईवाल्याकडे दिली आहे, संकासूर आणि आकाशकंदिलाचं एक नवं चित्र. गुरुवारी येतील. पाच रुपयांची तिकिटं कालच आणून ठेवली आहेत.